घरात डॉक्टर असताना

सकाळी साडेपाचला गुणाजी मोरीत शिरले की अख्ख्या मजल्याला कळायचं. आधी तांब्या आपटल्याचा आवाज, मग दोन पेले कोमट मिठाचं पाणी घटाघटा पोटात, आणि मग दोन बोटं थेट घशात. त्यानंतर जो आवाज यायचा तो लिहून दाखवता येत नाही, ऐकावा लागतो. घाटकोपरच्या भटवाडीतल्या त्या सातव्या मजल्यावर कुणी मोबाइलमध्ये गजर लावत नसे. समोरच्या परबकाकू तर उघड म्हणायच्या, गुणाजींचं पित्त पडलं की मी कुकर लावते.

त्यांची सून शुभा ओट्याशी चहाचं आधण ठेवता ठेवता दात खायची. लग्न होऊन या घरात आली त्याच्या दुसऱ्याच सकाळी तो आवाज ऐकून ती घाबरून मोरीकडे धावली होती. तर हे पंच्याने तोंड पुसत, हसऱ्या चेहऱ्याने उभे. "घाबरलंस काय गो? पित्त काढलंय. आता दिवसभर आंग कसा हलका!" या गोष्टीला बारा वर्षं झाली. बारा वर्षांत एक दिवस चुकला नाही.

आणि पित्त म्हणजे तरी काय हो? आपल्याकडे डोकं दुखलं, पित्त. गरगरलं, पित्त. अंगावर गांधी उठल्या, पित्त. सून उलटून बोलली तर तिचं पित्त खवळलं. एका शब्दात सगळा आजार कोंबून ठेवला की कुणाला काही विचारायला नको, कुठे जायला नको, कोकमाचं आगळ प्यायचं आणि गप्प बसायचं. शुभाचा या शब्दावरच राग होता. ती मुलुंडच्या एका धर्मादाय हॉस्पिटलात दुर्बिणीच्या विभागात टेक्निशियन होती. घशातून पोटात जाणाऱ्या त्या लांब काळ्या नळ्या धुणं, डॉक्टरांच्या हातात चिमटा देणं, पेशंटचे फॉर्म भरणं, हे तिचं काम. दिवसाला पंधरा-वीस अन्ननलिका ती पडद्यावर आतून बघायची. त्यामुळे पित्त काढतो म्हणणारा माणूस आत काय करून ठेवतो, हे तिला सांगायला नको होतं.

घरात मात्र तिचं कोण ऐकतंय! सासरे तिला 'डॉक्टर' म्हणायचे. गावाहून फोन आला की, "माझी सून डॉक्टर हा, मुलुंडाक." पहिली काही वर्षं तिनं सांगून बघितलं, आबा, मी डॉक्टर नाही हो, मी नळ्या धुते. मग सोडून दिलं. आणि खरं बोलायचं तर तिला ते आवडायचंही. माहेरी कुणी तिला साधं हुशारसुद्धा म्हटलं नव्हतं.

त्या रविवारी मात्र हद्द झाली. सकाळी आठच्या सुमाराला तिसऱ्या मजल्यावरची शकु वर आली. सहावा महिना, चेहरा उतरलेला, डोळे रडल्यासारखे लाल.

"शुभाताई, मला जमतच नाहीये गं. बोटं घातली तरी नुसतं पाणी येतं, आणि पोटात कसं ओढल्यासारखं होतं."

"कसली बोटं? कुठे घातलीस?"

"घशात. छातीत रोज जळजळतं ना, झोपलं की आंबट वर येतं. गुणाजीकाका म्हणाले, पित्त काढ. त्यांनी ग्रुपवर पण टाकलंय बघ."

शुभानं तिच्या हातातला फोन घेतला. 'पित्तमुक्त भटवाडी'. एकशे चौदा मेंबर. वर सासऱ्यांचा फोटो, पंचा खांद्यावर, हातात तांब्या. खाली लिहिलेलं: लहानथोर सर्वांसाठी, दर रविवारी बागेत मोफत मार्गदर्शन.

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण आधी तिनं शकुला खुर्चीत बसवलं.

"हे बघ, तुझं पोट वाढतंय, ते जठर वर दाबतंय. आणि दिवस गेले की अन्ननलिकेच्या तोंडाशी जी झडप असते ना, ती सैल पडते. म्हणून आतलं आम्ल वर येतं. पुष्कळ बायकांना होतं, बाळंतपणानंतर बहुतेकींचं जातं. थोडं थोडं खा, जेवल्यावर लगेच आडवी होऊ नकोस, उशाकडची बाजू उंच कर, आणि उद्याच्या उद्या तुझ्या डॉक्टरला सांग. पण बोट घशात घातलंस ना पुन्हा, तर मी तुझा हात मोडीन. कळलं?"

शकु एवढीशी झाली. शुभा ओढणी कमरेला बांधून जी निघाली, ती लिफ्टची वाट न बघता सात जिने उतरून थेट इमारतीखालच्या बागेत.

बागेत मार्गदर्शन रंगात आलं होतं. गटाराच्या कडेला सहा म्हातारे ओळीने वाकलेले आणि गुणाजी त्यांच्या मागून फेऱ्या मारतायत. "सीताराम, लाजतंस कशाक? बोटा आत घाल रे, आत! पिवळा पडाक होया!"

"आबा!"

सहाही म्हातारे दचकून सरळ झाले.

"काय चाललंय हे? सहा महिन्यांच्या गरोदर पोरीला ओकायला शिकवता? काही लाज?"

"अगे, पित्त झाला की..."

"पित्त नाही ते! जठरातलं आम्ल आहे, ॲसिड! ते खाली राहण्यासाठी बनवलंय. जठराची कातडी ते सोसते, अन्ननलिकेची सोसत नाही, भाजते. आणि तुम्ही रोज सकाळी पाणी पिऊन, बोटं घालून ते मुद्दाम वर आणता. पिवळं पडलं म्हणून वर पेढे वाटायचे बाकी ठेवलेत!"

सीताराम नावाच्या निवृत्त पोस्टमननं हळूच तांब्या पाठीमागे लपवला. गुणाजींचा चेहरा काळवंडला. बारा वर्षांत सून चारचौघांत आवाज चढवून बोलली नव्हती. ते पंचा झटकून चालू लागले, आणि मागून शुभा.

घरात आल्यावर खरं भांडण सुरू झालं. सिद्धेश, म्हणजे शुभाचा नवरा आणि त्यांचा एकुलता एक मुलगा, पेपर वाचत होता. त्यानं मान वर करून "जाऊ दे ना यार, म्हातारा माणूस" एवढं म्हटलं आणि पुन्हा पेपरात डोकं घातलं. याचं हे नेहमीचंच. घर पेटलं तरी हा आधी क्रीडा पान संपवील.

"चार माणसांत माजी शोभा केलंस," गुणाजी पलंगावर बसत म्हणाले. थयथयाट नाही, आरडाओरडा नाही, तेच जास्त लागतं. "माझ्या बापाशीन आख्खा जल्म पित्त काढल्यान. त्येका काय झाला?"

"काय झालं?" शुभानं उलट विचारलं. "तुमचे वडील कशानं गेले ते मला कुणी सांगितलंच नाही कधी."

गुणाजी खिडकीकडे बघायला लागले.

"आबा, मी विचारतेय."

"म्हातारपणान गेले."

"वय किती होतं?"

"एकसष्ट." मग खिडकीकडेच बघत, "अन्न जाय नव्हता. भात अडके. मग पेज अडकाक लागली. मग पाणी. शेवटाक हाडा उरली नुसती."

शुभाच्या डोळ्यांसमोर गेल्या दोन महिन्यांतली या घरातली ताटं आली. आबांनी भाकरी सोडली होती, दात दुखतात म्हणून. मग चपाती नको म्हणाले. सुरमईचा तुकडा तिनं वाढला तर हळूच सिद्धेशच्या ताटात सारायचे. भातावर कढी इतकी ओतून घ्यायचे की भात पोहायचा, आणि दर घासाला पाण्याचा घोट. तिला वाटलं, वय झालं, चवीनं खातायत. दुर्बिणीच्या खोलीत रोज हेच ऐकणारी बाई! पेशंटचे नातेवाईक हेच सांगायचे, शब्दाला शब्द हेच, आणि ती त्यांच्यावर खेकसायची की तुम्हाला डोळे नाहीत का.

"तुम्हालाही अडकतं," ती म्हणाली. विचारलं नाही, म्हणाली.

"नाय."

"आबा, खोटं बोलू नका!"

"नाय म्हटला ना! जळजळ झाली तर तुझी गोळी घेतंयच की मी. आठ वर्षां घेतंय. लागू पडता माका."

गोळी.

आठ वर्षांपूर्वी आबांनी शुभाला सांगितलं होतं, छातीत आग पडते गो, रातपाळीत तर जीव नकोसा होतो. तेव्हा ते पवईला एका सोसायटीत वॉचमन होते. कधीही जेवायचं, खुर्चीत मान टाकून पडायचं, जागं राहायला तंबाखू. दुसऱ्या दिवशी तिनं हॉस्पिटलमधून सॅम्पलची एक पट्टी आणून दिली. कंपन्यांचे लोक डॉक्टरांना देतात, ड्रॉवरमध्ये पडून असतात, स्टाफ घरी नेतो, कुणी हरकत घेत नाही. आठवड्यात आबांना आराम पडला. मग दुसरी पट्टी, मग तिसरी. पुढे ती महिन्याच्या महिन्याला न मागता आणायला लागली. आबा सगळ्यांना सांगायचे, घरात डॉक्टर असताना बाहेर कशाक जाऊ?

गोळी वाईट नव्हती. गोळीनं आम्ल कमी होतं, आग थांबते. पण आग थांबली म्हणजे आत सगळं बरं आहे असं नव्हे, हे तिच्यासारखं कुणाला माहीत होतं? जळजळ पुष्कळांना होते आणि बहुतेकांचं पुढे काही होत नाही. पण काही माणसांना थांबायची सवड नसते. पन्नाशी ओलांडलेला पुरुष, वर्षानुवर्षांची जळजळ, सुटलेलं पोट, तंबाखू, आणि रक्ताच्या नात्यात कुणाला अन्ननलिकेचा आजार. असा माणूस विभागाबाहेरच्या बाकावर दिसला की तिथल्या डॉक्टर मृणालिनी गोळी लिहून घरी पाठवत नाहीत, दुर्बीण टाकून बघतात. ही यादी शुभाला झोपेतून उठवून विचारली तरी पाठ होती. हजार जणांना तिनं ती ऐकवली होती. आणि या यादीतला माणूस तिच्या हातचा चहा पीत तिच्याच घरात बसला होता.

"उद्या माझ्याबरोबर हॉस्पिटलला यायचं," ती म्हणाली.

"मी येवचंय नाय."

"आबा..."

"ती नळी मी घशात घालून घेवचंय नाय! गोळी दी तू. दोन दी."

मग शुभाचा ताबा सुटला. तिनं ओट्यावरचा मिठाचा डबा उचलून मोरीत आपटला. "गोळी नाही! या घरात आजपासून एक गोळी येणार नाही! तडफडा जळजळीनं! आणि सिद्धेश, तो पेपर खाली ठेव, नाहीतर फाडीन! तुझा बाप आहे हा! दोन महिने त्याच्या घशाखाली भाकरी उतरत नाही आणि तू त्याच्या ताटातली सुरमई गिळतोयस!"

सिद्धेशनं पेपर ठेवला. त्यानं बापाकडे बघितलं, बहुतेक बऱ्याच वर्षांनी नीट बघितलं, आणि म्हणाला, "आबा, शर्ट केवढा ढगळ होतोय तुम्हाला." दुसऱ्या दिवशी सकाळी गुणाजी उपाशीपोटी, नवा शर्ट घालून, दाराशी चप्पल चढवून उभे होते.

दुर्बिणीच्या खोलीत शुभानं त्यांना डाव्या कुशीवर निजवलं, घशात बधिर करणारा फवारा मारला, दातांमध्ये प्लॅस्टिकची कडी दिली. डॉक्टर मृणालिनी म्हणाल्या, तू बाहेर थांब, दुसरं कुणी मदत करील. ती नाही म्हणाली. आपल्या हातानं धुतलेली नळी आत जाताना ती पडद्याकडे बघत राहिली.

निरोगी अन्ननलिका फिकट गुलाबी दिसते. खालच्या टोकाला आबांची लालभडक झाली होती, मऊ मखमलीसारखी, तळहाताएवढ्या लांबीची. आम्लाचा मारा खाऊन खाऊन कातडीनंच जात बदलली होती. आणि त्या लालीच्या मधोमध वाट अडवून एक खडबडीत उंचवटा. डॉक्टरांनी हात पुढे केला, शुभानं चिमटा दिला. पाच तुकडे काढले.

"गाठ आहे," नळी बाहेर काढल्यावर डॉक्टर तिला बाजूला घेऊन म्हणाल्या. "तुला वेगळं काय सांगू? तुकड्यांचा रिपोर्ट चार दिवसांनी येईल, पण मला हे चांगलं दिसत नाहीये. किती खोल गेलंय ते स्कॅन सांगेल. उपाय असेल, मी हात वर करत नाहीये. पण शुभा, आपल्याकडे नुसती लाली असताना येणारे पण असतात ना गं? त्यांना आपण वेळेत धरतो. हे किती वर्षांचं आहे? फॉर्मवर सगळं कोरं का?"

फॉर्म शुभाच्याच हातात होता. तक्रार किती वर्षे. कोणते औषध घेत आहात. औषध कोणी दिले. या तीन ओळींशी पेन अडकलं होतं.

गुणाजी तोवर उठून बसले होते. जीभ जड होती, शब्द लोळत होते, पण ऐकू सगळं येत होतं. "डॉक्टरीण बाय," ते म्हणाले, "मेडिकलवाल्यान दिल्यान गोळी. आमच्या भटवाडीतल्या. मी गुपचूप घेय. सुनेक ठावक नाय."

सासऱ्यांना खोटं नीट बोलताही येत नव्हतं, छताकडे बघत बोलत होते. शुभाला रडू नाही आलं. तिला प्रचंड राग आला. स्वतःचा, त्यांचा, त्या भरलेल्या ड्रॉवरचा, तिला डॉक्टर म्हणणाऱ्या प्रत्येक माणसाचा.

"खोटं आहे, मॅडम. मी दिली. आठ वर्षं, इथल्या सॅम्पलमधली. एकदाही तपासायला आणलं नाही."

"लिही मग तसं," एवढंच बोलून डॉक्टर मृणालिनी हात धुवायला गेल्या.

शुभानं लिहिलं. औषध कोणी दिले: सुनेने.

"खोड ता," गुणाजी म्हणाले.

"नाही."

"शुभा, खोड म्हणतंय ना! लोक तुका नावा ठेवतले. तुजी नोकरी हा हय."

"ठेवू देत नावं. जाऊ दे नोकरी. तुम्ही माझ्यावर रागवत का नाही, आबा? मी तुमची आठ वर्षं घालवली! बागेत सगळ्यांसमोर तुम्हाला बोलले मी, तुमची अक्कल काढली, आणि माझ्याहून मूर्ख कुणी नव्हतं तिथे. ओरडा ना! एकदा तरी ओरडा माझ्यावर!"

"ओरडान काय सांगू?" गुणाजींनी पंच्यानं तोंडाची लाळ पुसली. फवाऱ्यानं ओठ लुळा पडला होता, तो त्यांनी हातानं धरला, म्हणजे नीट बोलता यावं. "तू डॉक्टर नाय, ह्या माका पयल्या दिसापासून ठावक आसा. मी काय इतको येडो नाय."

"मग?"

"बापाशीक बघितलेलो मी. त्येका मुंबयक आणलेलो, नळी घातलेली, आणि नळी घालून सांगितल्यांनी, घेऊन जावा परत. तेव्हापासून त्या नळीचा नाव नको माका. छातीत आग पडाक लागली तेव्हाच माका समाजला, ह्या ताच. तुझी गोळी गावली. कोणी इचारल्यान की सांगूचा, घरात डॉक्टर हा. म्हणजे खय जावक नको. अगे, भियालेलंय मी. आठ वर्षां तुज्या पदराआड लपलंय, आणि लोकांका शिकवीत बसलंय."

खोलीत नळ्या धुण्याच्या मशीनचा आवाज चालू होता. शुभानं कधी नव्हे तो सासऱ्यांचा हात धरला, आणि रागानंच धरला, गच्च.

"तुम्ही पण ना, आबा. कमाल आहात."

"आता लिवतंसच तर अर्धा नको लिव," गुणाजी फॉर्मकडे बोट दाखवत म्हणाले. "पुरा लिव. सुनेन दिल्यान, आणि सासऱ्यान समजान उमजान खाल्ल्यान."

फॉर्मवर तेवढी जागा नव्हती. शुभानं ते समासात लिहिलं, जसं सांगितलं तसं, आणि पेन त्यांच्या हातात दिलं. गुणाजींनी खाली सही केली.